सोलापुरात छोट्या स्कीममधलं रो-हाऊस भाड्यानं हवंय? आधी पाण्याचा दिवस विचारा

प्रश्न थोडक्यात असा: एक गृहस्थ नाशिकहून जूनमध्ये सोलापूरला येतायत. नवी नोकरी केगावला, विद्यापीठाच्या बाजूला. बरोबर बायको, सहावीत जाणारी मुलगी आणि गुडघेदुखीची आई. फ्लॅट नको, दहा-पंधरा घरांच्या शांत स्कीममधलं रो-हाऊस हवंय, शक्यतो जुळे सोलापुरात, कारण तिथं कुणीतरी ओळखीचं आहे. दोन महिने मोबाइलवर शोधतायत. जे दिसतं ते विक्रीचं असतं, आणि भाड्याचं एखादं सापडलंच तर फोनवर उत्तर येतं, "गेलं ओ ते." एजंट टोलवतायत, की सोलापुरात रो-हाऊस खरंच भाड्यानं मिळत नाहीत, असं त्यांनी विचारलंय.

मी अठरा-एकोणीस वर्षं सोलापुरात भाड्याची घरं दाखवतो आणि करार करून देतो, त्यामुळं एजंटांची बाजू घेतोय असं वाटेल. पण खरंच कुणी टोलवत नाहीये. अडचण वेगळीच आहे. बारा घरांच्या स्कीममध्ये भाड्यानं दिलेली घरं असून असून दोन-तीन असतात. त्यातलं एक रिकामं होणार हे महिनाभर आधी सगळ्या गल्लीला माहीत असतं. जाणारा भाडेकरू ऑफिसातल्या कुणाला सांगतो, शेजारच्या काकू त्यांच्या भाच्याला सांगतात, कोपऱ्यावरचा किराणावाला त्याच्या गिऱ्हाइकाला सांगतो. "भाड्याने देणे आहे" ही पाटी गेटला लागते ती या सगळ्यांकडून उरलेल्या घराला. आणि मोबाइलवर येतं ते पाटी लावूनही उरलेलं. तुम्ही रांगेच्या शेवटी उभे आहात, एवढंच.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. घर शोधू नका, आधी तीन-चार स्कीम ठरवा. त्या पायी फिरून बघा, तिथल्या माणसांना तोंड दाखवा, आणि मग त्यात घर रिकामं व्हायची वाट बघा. तुमच्या हातात वेळ किती आहे यावर हे जमणार की नाही ते ठरेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान उतरवायचंच असेल तर एक मधला मार्ग पुढं सांगतो.

स्कीम निवडण्याआधी भाग निवडायला हवा, आणि इथं तुमची पहिली गफलत दिसते. केगाव पुणे रोडला, जुळे सोलापूर शहराच्या दक्षिणेला, विजापूर रोड आणि होटगी रोडच्या पट्ट्यात. म्हणजे रोज सगळं गाव ओलांडायचं. नाशिकच्या मानानं ते अंतर किरकोळ वाटेल, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी दुचाकीवरून एकदा जाऊन बघा. चाळिशीच्या वरचा पारा आणि तापलेला डांबरी रस्ता यात माणूस नुसता शिजतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं शहराच्या मधले रस्ते वळवलेले असतात, हेही धरा. तुमची नोकरी केगावला आणि बायको घरूनच काम करणार असेल तर बाळे, केगावचा पट्टा आधी बघा. मुलीची शाळा, आईचा दवाखाना, भाजी, क्लास हे सगळं चालत्या अंतरात हवं असेल तर जुळे सोलापूर सोयीचं आहे, रस्ते रुंद आहेत, वस्ती शिकलेली आणि नोकरदार आहे. मग रोजची ये-जा तुमच्या अंगावर. याचं उत्तर मी देऊ शकत नाही. घरात कुणी किती ऊन खायचं हे तुम्हीच ठरवा.

आता पाणी. बाहेरून येणारा माणूस घर बघताना किचन ओटा बघतो, टाइल्स बघतो, वॉर्डरोब उघडून बघतो. सोलापूरकर आधी हौदाचं झाकण उचलतो. शहराला पाणी येतं ते शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, शिवाय भीमेवरून टाकळीचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं. पण नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, कुठं लाइन फुटली किंवा वीज गेली तर आणखी लांबतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, कारण आमच्याकडं ते सांगण्यासारखं काही राहिलेलंच नाही. मागं एका घरमालकीणबाईंना माझ्यासमोर एका पुण्याच्या जोडप्यानं विचारलं, "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही ना?" बाई म्हणाल्या, "छे ओ, भरपूर येतंय की." त्या खोटं बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी भरपूर येत होतं.

तेव्हा प्रश्न असा विचारा: पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं आणि ते साठवायला या घराचं स्वतःचं काय आहे? हिशेब सोपा आहे. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. तुम्ही चौघं, म्हणजे रोजचे ५४० लिटर. पाच दिवसांचे २७०० झाले. एखाद्या वेळी सातवा दिवस उजाडला तर साडेतीन हजारांच्या पुढं. हौद आणि वरची टाकी मिळून एवढं पाणी मावायला हवं. हौद मोजायला इंजिनिअर लागत नाही. एक काठी आणि मापाची टेप घेऊन जा. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल हौद म्हणजे १२० घनफूट, आणि एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे ३३०० ते ३४०० लिटर. मात्र खोली झाकणापासून मोजू नका, आतल्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तिथून मोजा. ती रेघ कधी खोटं सांगत नाही.

रो-हाऊसमध्ये यातच एक खोच असते. काही स्कीममध्ये बिल्डरनं प्रत्येक घराला वेगळा हौद दिलाय, काहींत चार घरांत मिळून एक. मी या धंद्यात नवा होतो तेव्हा एका बँकेतल्या कुटुंबाला असंच चारांत एक हौद असलेलं घर दिलं. घर नवंकोरं होतं, हौद प्रचंड होता, मी खूश. पहिल्या घरातले आजोबा पहाटे चारला उठून मोटार लावायचे आणि आपल्या टाक्या काठोकाठ भरायचे. माझं कुटुंब शेवटच्या घरात. त्यांच्या वाट्याला गाळ यायचा. तिसऱ्या महिन्यात त्यांनी घर सोडलं आणि माझी दलाली परत मागितली. मी अर्धी दिली, अर्धीवरून वाद झाला. चूक माझी होती, कारण मी हौदाची खोली मोजली होती, पण त्यावर मोटारी किती ते मोजलं नव्हतं. तेव्हापासून सामाईक हौद असेल तर मोटारी किती, वेळा ठरलेल्या आहेत का आणि लाइट बिल कोण भरतं हे विचारल्याशिवाय मी पुढं सरकत नाही.

बोअर असेल तर चांगलंच, पण तिचं पाणी जड असतं. न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाशी आणि गिझरखालच्या फरशीवर पांढरा थर साचलाय का बघा. वापरायला ते चालेल, प्यायला नाही. आणि बोअर मे महिन्यात चालते का हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.

या सगळ्यासाठी घर तीनदा बघावं लागतं. एकदा पाण्याच्या दिवशी, एकदा दुपारी दोन-तीनला आणि एकदा रात्री जेवणं झाल्यावर. पाण्याच्या दिवशी गेलात की अख्खी स्कीम बाहेर असते, पाइप ओढणं, गाड्या धुणं, मोटारींचे आवाज. कोण कुणाशी कसं बोलतं ते अर्ध्या तासात कळतं. शेवटी छोट्या स्कीममध्ये तुम्ही घर भाड्यानं घेताय तितकेच शेजारीही घेताय. फ्लॅटमध्ये दार लावलं की संपलं. इथं तुमची आणि शेजाऱ्याची भिंत एकच असते, त्यांच्या मिक्सरचा आवाज तुमच्या देवघरात येतो.

दुपारची फेरी उन्हासाठी. रो-हाऊसला वरच्या मजल्यावर थेट गच्ची असते. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री अकरापर्यंत खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. वरच्या बेडरूममध्ये दुपारी तीनला पाच मिनिटं नुसते उभे राहा, कळेल. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) किंवा निदान पांढरा रंग मारलेला असेल तर फरक पडतो. नसेल तर मालकाला उन्हाळ्याआधी मारून द्यायला सांगा, यावर सहसा नाही म्हणत नाहीत. कडेच्या घराला तीन बाजू मोकळ्या मिळतात, वारा चांगला येतो, पण पश्चिमेची भिंत उघडी असेल तर तेच घर भट्टी होतं. मधलं घर तुलनेनं थंड, पण अंधारं. तुमच्या आईचे गुडघे दुखतात म्हणता, तेव्हा खाली एक झोपायची खोली आणि खालीच संडास-न्हाणीघर हवं, यावर तडजोड करू नका. बऱ्याच रो-हाऊसमध्ये खाली हॉल-किचन आणि झोपायच्या खोल्या वर असतात. हॉलमध्ये दिवाण टाकू, असं सगळे आधी म्हणतात. मग पाहुणे आले की आईला उठून बसावं लागतं.

भिंतींच्या भेगा बघा. आमच्याकडं बराच भाग काळ्या मातीचा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लॅस्टरवरच्या केसाएवढ्या आडव्या-उभ्या रेषांकडं दुर्लक्ष करा. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि बोटाचं नख जाईल एवढी भेग असेल तर ते घर सोडा. भाडेकरूला घराच्या पायाशी काय करायचंय, असं वाटेल, पण पहिल्या पावसात त्याच भेगेतून पाणी तुमच्या कपाटामागं उतरतं. दोन घरांच्या जोडावरची ओल हा तर रो-हाऊसचा जुना आजार. ती दुरुस्त करायची कुणी, यावर दोन मालकांचं वर्षानुवर्षं एकमत होत नाही.

ड्रेनेजचंही विचारा. १९९२ ला महापालिकेची हद्द वाढली आणि आसपासची गावं शहरात आली. त्या भागाला आम्ही अजून हद्दवाढच म्हणतो, आणि बहुतेक रो-हाऊस स्कीम तिथंच आहेत. काही ठिकाणी ड्रेनेज लाइन आलीय, काही ठिकाणी अजून सेप्टिक टँक आहे. तो शेवटचा कधी उपसला आणि पुढचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. हसू येईल, पण भाडं थकल्यापेक्षा यावरून झालेली भांडणं मी जास्त पाहिलीत.

आता माणसं. सोलापुरात रो-हाऊसचा मालक फार वेळा सोलापुरात नसतोच. पोरं पुण्यात नोकरीला, आई-वडील त्यांच्याकडं गेलेले, घर कुलूपबंद, आणि किल्ली शेजाऱ्याकडं. तो किल्लीवाला शेजारी हाच खरा निवड करणारा असतो. त्याच्यासमोर जाताना कुटुंबासह जा, आईला घेऊन जा. ते विचारतील: गाव कुठलं, नोकरी कायम का, घरात किती माणसं, मांस-मच्छी करता का. शेवटचा प्रश्न मला आवडत नाही आणि त्यामागं कधीकधी जातीची चौकशी लपलेली असते, तेही मला ठाऊक आहे. पण मी लोकांना खरं उत्तर द्यायलाच सांगतो. लपवून मिळवलेल्या घरात बारा कुटुंबांच्या नजरेसमोर राहणं तुम्हालाच जड जाईल. आणि या गावात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, त्यामुळं एका स्कीमनं नाही म्हटलं तर पुढची आहे.

मालकाला एक प्रश्न थेट विचारा: घर विक्रीला लावलंय का? तुम्हाला मोबाइलवर विक्रीची घरं दिसली ना, त्यातली काही विकली जाईपर्यंत भाड्यानं द्यायलाही मालक तयार असतात. भाडं थोडं कमी मिळेल, पण दर रविवारी कुणीतरी तुमचं स्वयंपाकघर बघायला येईल. हे चालणार असेल तर करारात घर दाखवायच्या वेळा आणि निदान दोन महिन्यांची नोटीस लिहून घ्या. आईला आणि शाळकरी मुलीला घेऊन तुम्ही येताय, मी असतो तर हे टाळलं असतं.

वेळेबद्दल. शाळा आणि बदल्यांमुळं घरं हलतात ती एप्रिल ते जून. तुम्ही मार्चअखेरीपासून स्कीममध्ये फिरलात तरच बातमी वेळेवर कानावर पडते. तुमचं ते हुकलं असेल तर मघाशी म्हटलेला मधला मार्ग असा: सामान नाशिकलाच ठेवून दोन-तीन महिन्यांसाठी छोटा फ्लॅट घ्या, त्याच भागात, आणि तिथून शोधा. दुसरी संधी पितृपक्षात येते. त्या पंधरवड्यात कुणी नव्या घरात जायला तयार नसतं, रिकाम्या घराचा मालक घायकुतीला आलेला असतो. बोलणी तेव्हा करा आणि राहायला नवरात्रात जा. माझी सगळ्यात चांगली दोन-तीन घरं अशी पितृपक्षात ठरली आहेत.

बातमी कुणाकडून मिळते? दूधवाला, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा पोरगा आणि महापालिकेचा चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा माणूस. चावीवाल्याला कुठलं घर बंद आहे हे मालकाच्या आधी कळतं. एजंट घेतलात तर दलाली किती आणि ती कधी द्यायची, हे घर बघायच्या आधी ठरवा, बघून झाल्यावर नाही.

कराराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं गैरसमज फार. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असं तुम्हाला दहापैकी आठ जण सांगतील. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यावरून ही सवय पडली. महाराष्ट्रात तसं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणं मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे समजावून सांगितलं की तो स्वतःच नोंदणीला तयार होतो. तुमचा फायदा वेगळा: शाळेच्या प्रवेशाला, गॅसला, बँकेला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदलेला करार चालतो.

खर्चही फार नाही. समजा भाडं १४,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे चारशेच्या जवळपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर करार करून देणाऱ्याची मजुरी. मालक पुण्यात असला तरी अडत नाही, ऑनलाइन नोंदणीत तो तिथं अंगठा देतो, तुम्ही इथं. फक्त करारावर सही करणारा खरंच मालक आहे ना, हे घरपट्टीची पावती आणि इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) यांवर बघून घ्या. लाइट बिलावर विसंबू नका, बऱ्याच स्कीममध्ये ते अजून बिल्डरच्या नावानं येतं. शेजारचा किल्लीवाला सही करतो म्हणाला तर त्याच्याकडं कुलमुखत्यारपत्र हवं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, तेही त्याच आठवड्यात उरकून टाका.

लाइटचा मीटर घराला स्वतंत्र हवा. वर-खाली दोन कुटुंबं एका मीटरवर असतील तर युनिट एकत्र मोजले जातात आणि दोघंही वरच्या दराच्या टप्प्यात जातात, मग वाटणीवरून कुरबुर. सोसायटी नोंदलेली असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल ती मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. ते मालकानं भरायचं. तुमच्या माथी मारतायत का एवढं बघा.

राहिलं काय, तर किल्ल्या. ताबा घेताना दाराच्या किल्ल्या सगळेच मोजून घेतात. गच्चीच्या दाराची, मोटारीच्या पेटीची आणि हौदाच्या झाकणाला कुलूप असेल तर त्याची किल्ली त्याच वेळी मागून घ्या. मालक पुण्याला निघून जातो, आणि पहिलं पाणी पहाटे साडेचारला येतं.